सांत पावलची कमान आणि आपले स्मरण

संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनासाठी जुन्या गोव्याला जाणारे आपले भाविक बॉम जेझूची बॅसिलिका व से कॅथेड्रल पाहून परततात. तेथून जवळच उभी असलेली एक एकाकी कमान फार थोड्यांच्या दृष्टीस पडते. जांभ्या दगडाचे बांधकाम, वर कोनाडा, माथ्यावर क्रूस. मागे ना भिंत, ना छप्पर. मांडवी आणि जुवारी यांच्यामधील तिसवाडी बेटावरच्या सेंट पॉल कॉलेजचे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या सांत पावलचे, एवढेच काय ते उरले आहे. ही कमान कॉलेजच्या चर्चच्या दर्शनी भागाची.

या शाळेविषयी आपल्या स्मरणिकांतून, यात्रापुस्तिकांतून आणि नोव्हेनाच्या प्रवचनांतून जे लिहिले व बोलले जाते, त्याचा विचार येथे करावयाचा आहे. त्या लेखनाचा साचा ठरलेला असतो. १५४२ मध्ये झेवियरचे आगमन, १५५६ मध्ये आशिया खंडातील पहिला युरोपीय छापखाना, देशोदेशीचे विद्यार्थी, आणि शेवटी गतवैभवाबद्दल एक उसासा. यातील एकही गोष्ट खोटी नाही. तो छापखाना खरे तर इथिओपियासाठी निघाला होता. तो गोव्यात राहिला आणि याच कॉलेजात बसविण्यात आला. जपानचा आंजिरो १५४८ साली स्नानसंस्कार घेऊन येथेच शिकला. या घराच्या नावावरून पूर्वेकडील येशूसंघीयांना लोक ‘पौलिस्त’ म्हणू लागले. संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणाला, २५ जानेवारीस, येथे मोठ्या थाटाने सामूहिक स्नानसंस्कार होत. अभिमान वाटावा अशी बरीच सामग्री येथे आहे.

तरीही हे लेखन वाचून समाधान होत नाही. त्यात शाळा आकाशातून उतरल्यासारखी प्रकट होते. तिचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. १५४१ मध्ये विकार जनरल मिगेल वाझ व फादर दियोगू द बोर्बा यांच्या पुढाकाराने सांत फे, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचा बंधुसंघ स्थापन झाला आणि त्यातून ही शाळा उभी राहिली. आदल्याच वर्षी तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न या संस्थेकडे वळविण्यात आले. ज्या गावकऱ्यांच्या पूर्वजांनी त्या जमिनी देवाला वाहिल्या होत्या, त्यांच्या मनाला काय वाटले असेल? हे वाक्य आपल्या स्मरणिकेत का येत नाही? इतरांच्या पुस्तकांत ते येतेच. आपली मुले ते तेथे वाचतात, आणि मग घरच्यांनी सांगितलेल्या साऱ्याच इतिहासाविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न होते.

दुसरी उणीव भाषेविषयीची. स्थापनेमागील हेतू असा होता की, निरनिराळ्या देशांतील मुलांनी येथे शिकावे आणि परतून आपल्याच लोकांना त्यांच्याच भाषेत शुभवार्ता सांगावी. हा विचार त्या काळी किती उदार होता! त्याच वृत्तीतून पुढे १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत अवतरले आणि १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. परंतु १६८४ मध्ये त्याच गोव्यात, लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असे फर्मान निघाले. ते राज्यसत्तेचे होते, हे खरे. तथापि शाळेने पेरलेल्या विचाराचा तो पराभव होता. आपले लेखक ख्रिस्तपुराण सांगतात आणि फर्मान गाळतात.

इमारतीची कहाणीही बोलकी आहे. रोगराईने शहर पोखरले, शाळा दुसरीकडे हलली, १७५९ मध्ये येशूसंघाची हकालपट्टी झाली. एकोणिसाव्या शतकात जुनी वास्तू पाडून तिचे दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेण्यात आले. मकाव येथील सेंट पॉलचेही १८३५ च्या आगीनंतर तोंडच तेवढे शिल्लक राहिले. वैभवाचा मुखडा टिकला, घर गेले. आपल्या गौरवपर लेखनाचीही नेमकी हीच अवस्था आहे.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या हातून झालेल्या अपराधांबद्दल जाहीरपणे क्षमायाचना केली. त्याने ख्रिस्तसभा लहान झाली नाही. पापनिवेदनात आपण निवडक पुण्ये सांगत नाही. मग शाळेच्या इतिहासात तसे का करावे? पुढच्या वेळी जुन्या गोव्यास जाल, तेव्हा मुलांना त्या कमानीपाशी घेऊन जा. येथे छापखाना होता हे सांगा, आणि तो कोणाच्या जमिनीच्या उत्पन्नावर पोसलेल्या घरात होता, हेही सांगा. दोन्ही ऐकूनही जी श्रद्धा टिकते, तीच त्यांच्या आयुष्याला पुरेल.