बेशेच्या सावलीतला सोप्रानो

पारंपरिक जॅझ वाजवणाऱ्या बँडमध्ये कोणी सोप्रानो सॅक्सोफोन तोंडाला लावला, की पहिल्या चार सुरांतच श्रोते मनाशी निकाल लावून मोकळे होतात: हा सिडनी बेशेसारखा वाजवतो की नाही? ट्रंपेटवाल्यावर अशी वेळ येत नाही. त्याच्या पाठीशी किंग ऑलिव्हर आहे, आर्मस्ट्राँग आहे, बिक्स बायडरबेक आहे. क्लॅरिनेटवाल्यापुढे जॉनी डॉड्स, जिमी नून, जॉर्ज लुईस असे वेगवेगळे रस्ते फुटतात. सोप्रानोच्या वाट्याला मात्र एकच पूर्वज आला. बेशे १९५९ मध्ये गेला, आणि अजूनही या वाद्याची पारंपरिक जॅझमधली चर्चा त्याच्यापासून सुरू होते आणि बहुधा त्याच्यापाशीच थांबते. बेशेवर माझे निस्सीम प्रेम आहे. माझी तक्रार आहे ती पुढच्यांनी त्याच्याकडून काय उचलले याविषयी. त्यांनी त्याचा कंप घेतला, त्याचा दांडगा आवाज घेतला. शेजारच्या वादकाला ऐकत, त्याला अंगावर घेत किंवा वाट देत वाजवण्याची त्याची रीत मात्र मागेच राहिली.

ही अडचण वाद्याच्या घडणीतच आहे. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या बँडमध्ये आघाडीला तीन वाद्ये असत. कॉर्नेट किंवा ट्रंपेट मूळ चाल धरणार, क्लॅरिनेट तिच्या वरून नक्षी काढत जाणार आणि ट्रॉम्बोन खालून तिला आधार देत सरकत राहणार. तिघे एकाच वेळी वाजवतात, तरी कोणी कोणाच्या पायात येत नाही, कारण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. बी फ्लॅट सोप्रानोला अशी राखीव जागा नाही. टेनर सॅक्सोफोनच्या एक सप्तक वर बोलणारे हे वाद्य बरेचसे ट्रंपेटच्याच पट्टीत फिरते, आणि आवाजातही त्याला भारी पडू शकते. क्लॅरिनेटची नळी सरळसोट, सोप्रानोची निमुळती. त्यामुळे क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांतला तो हळवा, दबका रंग सोप्रानोत येत नाही; तो वरपासून खालपर्यंत भरीव आणि उघडा वाजतो. क्लॅरिनेटच्या जागी तो आणून उभा केला, की चाल कोणाची हा प्रश्न लगेच उभा राहतो.

दुसरी अडचण सुरांची. नळी लहान, माउथपीस लहान. ओठांचा दाब किंचित वाढला तरी सूर चढतो आणि आवाज आवळला जातो. वरच्या टोकाचे सूर तर बोटांनी लागतच नाहीत म्हटले तरी चालेल. ते आधी कानात यावे लागतात, मग गळा मोकळा ठेवून फुंकावे लागतात. ज्याला हे साधत नाही तो दोनपैकी एक करतो: ओठ आवळून सूर कसाबसा पकडतो, किंवा मोठा कंप देऊन सूर नेमका कुठे आहे हे झाकून टाकतो. दुसऱ्या प्रकाराला ‘बेशे शैली’ म्हणण्याची चाल पडली आहे. बेशेवर यापरता अन्याय नाही. त्याचा कंप रुंद होता, जलदही होता. पण त्याच्या मुळाशी असलेला सूर हलत नाही. खालून घसरत आला तरी जिथे टेकायचे तिथेच टेकतो.

बेशे हा न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल घरातला, जन्म १८९७ चा आणि मुळात क्लॅरिनेटवाला. १९१९ मध्ये विल मॅरियन कुकच्या ऑर्केस्ट्राबरोबर तो लंडनला गेला. तिथे त्याचे क्लॅरिनेट ऐकून अर्नेस्ट आन्सर्मे या स्विस संगीतदिग्दर्शकाने जो लेख लिहिला, तो जॅझवरच्या गंभीर समीक्षेच्या अगदी पहिल्या नमुन्यांपैकी एक मानला जातो. सरळ सोप्रानो बेशेच्या हाती आला तोही लंडनमध्येच. नोटेशन वाचण्याच्या फंदात तो कधी पडला नाही. १९२३ च्या जुलैमध्ये क्लॅरेन्स विल्यम्सच्या ब्लू फाइव्हबरोबर त्याच्या पहिल्या तबकड्या निघाल्या, तेव्हा या वाद्याला जॅझमध्ये कोणी विचारत नव्हते.

पुढच्याच वर्षी त्याची गाठ आर्मस्ट्राँगशी पडली. ‘केक वॉकिंग बेबीज फ्रॉम होम’ या एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आहेत, एक डिसेंबर १९२४ ची आणि दुसरी जानेवारी १९२५ ची. दोन्हींत हे दोघे आहेत. पहिलीत बेशे आर्मस्ट्राँगला हलू देत नाही. चाल कॉर्नेटकडे असूनही कान सोप्रानोकडेच ओढला जातो. दुसरीत शेवटाकडे आर्मस्ट्राँग असा काही उसळतो की बाजी पलटते. जाणकारांत कोण जिंकले यावर वाद घालण्याची जुनी हौस आहे. मला त्या निकालापेक्षा झुंज महत्त्वाची वाटते. इथे बेशेला तोलामोलाचा विरोध आहे, म्हणून त्याचा प्रत्येक फटका विचार करून आलेला आहे: केव्हा वर चढायचे, केव्हा कॉर्नेटच्या दोन वाक्यांमधल्या फटीत शिरायचे, केव्हा एकच सूर ताणून धरायचा. सोप्रानो ट्रंपेटच्या हद्दीत आला तर काय घडू शकते, याचा हा पहिला आणि अजूनही सर्वांत जिवंत पुरावा आहे.

१९३९ च्या जूनमधले ‘समरटाइम’ याच्या अगदी उलट टोकाचे. ब्लू नोट ही तेव्हा काही महिन्यांची कंपनी. त्यांनी ही चीज बारा इंची तबकडीवर घेतली, म्हणून बेशेला नेहमीच्या तीन मिनिटांऐवजी चार मिनिटे मिळाली. ट्रंपेट नाही, ट्रॉम्बोन नाही. पियानोवर मीड लक्स लुईस, गिटारवर टेडी बन, बासवर जॉनी विल्यम्स, ड्रमवर सिडनी कॅटलेट. सुरुवातीला बेशे गर्शविनची चाल जवळजवळ आहे तशी वाजवतो. पण लांब सूर नीट ऐकावेत. कुठे सूर घासत सुरू होतो, कुठे खालून वर ओढत आणला जातो, कुठे सोडताना खाली झुकतो. पुढच्या आवर्तनांत आवाज खरखरीत होतो, चाल मोडत जाते, वरच्या सप्तकात जवळजवळ आक्रोश होतो, तरी तोल सुटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे वादक-समीक्षक रिचर्ड हॅडलॉक यांनी बेशेकडे शिकल्याची आठवण लिहून ठेवली आहे. बेशेने त्यांना धड्यासाठी एकच सूर दिला होता आणि तो किती तऱ्हांनी वाजवता येतो ते शोधायला सांगितले होते: गुरगुरत, पसरवत, चढा, उतरता, हवा तसा. स्वरलगावावर आयुष्य घालवणाऱ्या आपल्या ख्यालगायकांना या धड्याचे मोल वेगळे सांगायला नको. ‘समरटाइम’मध्ये तोच धडा चार मिनिटे चालू आहे.

तरीही सोप्रानो शिकणाऱ्याला एकच तबकडी ऐकवायची झाली तर मी ‘समरटाइम’ निवडणार नाही. मी १९४० चे ‘बिग फोर’ ऐकवीन. कॉर्नेटवर मग्सी स्पॅनियर, गिटारवर कार्मेन मॅस्ट्रेन, बासवर वेलमन ब्रॉड आणि बेशे. ड्रम नाहीत, पियानोही नाही. स्पॅनियर साधा, नेटका वाजवणारा, ठोक्यावर बसणारा वादक. तो चाल नुसती धरून ठेवतो आणि बेशेला फिरायला मैदान देतो. मग बेशे चाल घेतो आणि स्पॅनियर म्यूट लावून मागे होतो. ‘स्वीट लोरेन’ ऐकताना तर कोण पुढे आणि कोण मागे हे विसरायला होते. मागे ड्रम नसल्यामुळे लय दोघांनाही स्वतःच्या फुंकीत सांभाळावी लागते. पुढच्याच वर्षी बेशेने ध्वनिमुद्रणावर ध्वनिमुद्रण चढवून ‘शेख ऑफ अरेबी’मधली सहाही वाद्ये एकट्याने वाजवली. लोक त्याला गंमत म्हणून ऐकतात. बँडमधल्या प्रत्येकाचे काम या माणसाला आतून ठाऊक होते, हे त्यातून मला दिसते.

मग ही रीत हरवली कुठे? माझे उत्तर काहींना रुचणार नाही: पॅरिसमध्ये. १९४९ च्या पॅरिस जॅझ महोत्सवात बेशेला जे प्रेम मिळाले, त्यामुळे तो पुढे फ्रान्समध्येच स्थायिक झाला. क्लोद ल्युतेरच्या तरुण बँडने त्याला डोक्यावर घेतले. ‘ले ओन्यों’, ‘पतित फ्लर’ ही त्याची गाणी घराघरांत पोचली. या काळातल्या बेशेचा आवाज तेजस्वी आहे यात शंका नाही. पण त्याच्याभोवती आता भक्त होते. त्याला अडवणारा, मागे रेटणारा कोणी नव्हता. चाल त्याची, नक्षी त्याची, शेवटही त्याचा. युरोपातल्या पुढच्या पिढ्यांनी सोप्रानो शिकताना समोर ठेवल्या त्या या तबकड्या. साहजिकच त्यांना वाटले की सोप्रानो म्हणजे सगळ्यांच्या वर सतत चालणारी एकच धार. आजही कित्येक बँडमध्ये सोप्रानो उचलला गेला की ट्रंपेटवाला खुर्चीत टेकून बसतो, ती सवय इथली. ज्या फ्रेंच तबकडीवर याला उतारा आहे ती मात्र मागे पडली. १९५७ मध्ये बेशेने मार्सियाल सोलाल या आधुनिक पियानिस्टबरोबर जुनी लोकप्रिय गाणी वाजवली. सोलालचे कॉर्ड त्याला जागोजागी अडवतात, वेगळ्या वाटेने नेऊ पाहतात, आणि साठीला आलेला बेशे प्रत्येक वेळी हजरजबाबीपणे उत्तर देतो.

शिष्यांपैकी या कोंडीशी प्रामाणिकपणे झगडला तो बॉब विल्बर. १९४६ च्या सुमारास तो ब्रुकलिनमध्ये बेशेच्या घरी राहून शिकला, आणि इतका हुबेहूब वाजवू लागला की तेच त्याचे दुखणे झाले. ते सोडवण्यासाठी तो लेनी ट्रिस्टानोकडे, म्हणजे पार दुसऱ्या टोकाच्या गुरूकडे गेला. पुढे १९७० च्या दशकात केनी डेव्हर्नबरोबर त्याने ‘सोप्रानो समिट’ उभारले. एकाच जातीची दोन वाद्ये, ट्रंपेट नाहीच. चाल कोणाची हा प्रश्न त्यांनी दोघांत वाटून सोडवला. विल्बरचा सूर गोल, आखीव. डेव्हर्नचा धारदार, अंगावर येणारा. बेशेनंतर या वाद्यावर पारंपरिक शैलीत झालेले सर्वांत मोठे काम मी हेच मानतो. डेव्हर्नने पुढे सोप्रानो बाजूला ठेवून क्लॅरिनेटलाच वाहून घेतले. त्याचे नुकसान झाले नाही, सोप्रानोचे झाले. त्याच्या कितीतरी आधी, १९४० नंतर, बेशेचा धडा घेतलेल्या सॅक्सोफोनवाल्या जॉनी हॉजेसनेही सोप्रानो ठेवून दिला होता.

१९६० च्या ऑक्टोबरमध्ये आधुनिक जॅझमधल्या जॉन कोल्ट्रेनने ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ वाजवले आणि सोप्रानोचे केंद्रच हलले. नवे वादक तिकडून आले. त्याच महिन्यात त्याने बेशेच्या नावाने एक ब्लूजही वाजवला, म्हणजे ऋण त्याला ठाऊक होते. पण त्याच्यामागून आलेल्यांना बेशेपर्यंत जायची गरज उरली नाही. आपल्याकडे तर हा दुवा जुळलाच नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये आला. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी ते संगीत झपाट्याने आत्मसात केले. पण त्यांच्या कानावर आला तो स्विंगचा काळ. न्यू ऑर्लिन्स आले ते चिक चॉकलेटच्या ट्रंपेटमधून, आर्मस्ट्राँगच्या रूपाने. गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विस यांच्या हाती सोप्रानो आला तो कोल्ट्रेननंतरच्या जगातून.

आजची स्थिती सांगायची तर हाताची तयारी पूर्वीपेक्षा चांगली आहे. बहुतेक पारंपरिक बँडमध्ये सोप्रानो हे क्लॅरिनेटवाल्याचे दुसरे वाद्य असते, संध्याकाळी दोन-तीन गाण्यांपुरते पेटीतून निघणारे, आणि ती दोन-तीन गाणी कोणती हे आधीच सांगता येते. मला आशा वाटते ती न्यू ऑर्लिन्सच्या ऑरोरा नीलँडसारख्या वादकांकडून. तिच्या ‘रॉयल रोझेस’ बँडचा बेशेवरचा थेट मैफलीतला अल्बम २०११ मध्ये आला. कंपाची नक्कल करण्याच्या भानगडीत ती पडत नाही. तिचा सूर अधिक कोरडा, कडा असलेला आहे, आणि मुख्य म्हणजे बँड तिच्यामागे चालत नाही, तिच्याशी भांडतो. सामूहिक आवर्तनात ती ट्रंपेटच्या खालीही उतरते, जिथे सोप्रानो सहसा फिरकत नाही. बेशेने १९३९ मध्ये विली ‘द लायन’ स्मिथबरोबर हैतीच्या नाचाच्या चाली वाजवल्या होत्या. त्यांत सोप्रानोला ब्लूजपेक्षा वेगळी, हलकी, डोलणारी चाल सापडली होती. त्या तबकड्यांना अजून कोणी वारस नाही. बँड जमवायला फार माणसे लागत नाहीत आणि चाली सोप्या आहेत. ‘पतित फ्लर’ वर्षभर बाजूला ठेवून कोणी तरुण सोप्रानोवाल्याने त्यांपासून सुरुवात केली, तर मी तो कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून ऐकेन.