संकासुर आणि बालवाडीतला जादूगार

आपल्याकडे नाटकावर लिहिणाऱ्यांची वानवा नाही. संगीत नाटक, दशावतार, रणमाले, कीर्तन, एकांकिका स्पर्धा या साऱ्यांची दखल कोणी ना कोणी घेतोच. पण ज्या प्रयोगातून मुलाला रंगभूमीची पहिली ओळख होते, त्याचे परीक्षण लिहिलेले निदान माझ्या वाचनात नाही. बालदिन, बालवाडीचे स्नेहसंमेलन किंवा एखाद्या घरचा वाढदिवस असतो. टेबलावर चकचकीत कापड, एक पेटी, एक कांडी आणि उंच टोपी घातलेला गृहस्थ. समोर तीन ते पाच वर्षांची तीस-चाळीस पोरे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या पालकांना हे दृश्य सवयीचे आहे. ‘पोरांची करमणूक’ म्हणून आपण ते बाजूला ठेवतो. करमणूक झाली का आणि झाली असल्यास कोणाची, हे मात्र कोणी विचारत नाही. प्रस्तुत लेखात तेवढेच विचारायचे आहे.

मराठी माणसाला जादू परकी नाही. जादूगार रघुवीर, म्हणजे पुण्याचे रघुवीर भोपळे, यांनी मराठी घरांत या कलेला प्रतिष्ठा मिळवून दिली. यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव पुढे रामदास पाध्ये यांनी दूरदर्शनवरून घरोघर पोचवला. बालरंगभूमीचा इतिहासही मोठा आहे. १९५९ साली सुधा करमरकर यांनी मुंबईत रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले. १९६२ पासून मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था चालवली. पण ही सारी निर्मिती मुख्यतः शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी होती. चेटकिणीला घाबरायचे आणि ती खोटी आहे हेही मनाशी जाणायचे, एवढी समज ज्याला आली आहे, त्या वयाचा हा प्रेक्षक. बालवाडीतले मूल या उंबरठ्याच्या अलीकडचे. त्याच्यासाठी आपण वेगळे मोजमाप केलेच नाही. मोठ्यांचा अंगरखा कापून आखूड केला आणि तोच त्याला घातला.

जादूचा प्रयोग उभा असतो तो नियमभंगावर. रिकाम्या पेटीतून वस्तू येत नाही हे प्रेक्षकाला पक्के ठाऊक असते, म्हणून ती आली की तो चकित होतो. पण ज्याच्या हाती हा नियमच अजून पुरता आलेला नाही, त्याचे काय? झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की बुटक्या पेल्यातले पाणी उंच पेल्यात ओतले तर लहान मुलाला ते वाढल्यासारखे वाटते. ही समजूत साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास सुटते. ज्याच्या लेखी भांडे बदलताच पाणी वाढते, त्याला पेटीतून ससा निघाला तर त्यात विशेष ते काय? पेडण्याकडच्या एका बालवाडीत मी हे पाहिले आहे. जादूगाराने ससा बाहेर काढला आणि टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या शिक्षिकांनी वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने एवढेच विचारले, “सोंसो जेवलो?” सशाची चिंता खरी होती, चमत्कार तिच्या गावीही नव्हता. अशा वेळी जादूगार बहुधा आवाज वाढवतो, ध्वनिक्षेपकावरचे संगीत मोठे करतो, दिवे घालवतो. मग दोन-तीन मुले रडू लागतात आणि आपण म्हणतो, पोरे भित्री आहेत.

विनोदाचे गणितही असेच चुकते. १९८३ साली विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगून प्रश्न विचारला. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी ते कुठे शोधील? तीन वर्षांच्या आसपासची मुले बहुधा दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात. जे आपल्याला ठाऊक ते मॅक्सीलाही ठाऊक असणार, असे ती धरून चालतात. चौथ्या-पाचव्या वर्षी हळूहळू उमगते, की मला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसू शकते. विनोदवीराच्या दृष्टीने हा शोध सोन्याच्या मोलाचा आहे. हरवलेला रुमाल जादूगाराच्या पाठीलाच लोंबतो आहे आणि तो बिचारा सगळीकडे शोधतो आहे, हे पाहून पाच वर्षांचे मूल लोळून हसते. कारण त्या क्षणी ते जादूगारापेक्षा शहाणे असते. तीन वर्षांच्या मुलाला त्यातले मर्म अर्धेच कळते. त्याला हसू येते ते टोपी पायात घालण्याचे, स्वतःच्याच काठीला अडखळण्याचे. बालवाडीत ही दोन्ही वये एकाच सतरंजीवर बसतात. एकाच कृतीतून दोघांनाही हसवता आले पाहिजे.

हे कसे साधावे ते शिकायला दूर जायला नको. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या दशावतारी कंपन्या पेडण्यात येतात. मूळ आख्यानापूर्वी होणाऱ्या आड-दशावतारात गणपती येतो, ऋद्धि-सिद्धी येतात, भटजी येतो, सरस्वती येते. आणि मग काळ्या वेषातला, लाल जिभेचा संकासुर. वेद चोरणारा हा राक्षस शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पण मरेपर्यंत तो करतो काय? नाईकाच्या साध्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतो, शब्दाचा अर्थ उलटा लावतो, वेडावाकडा नाचतो. त्याचे रूप पाहून आईच्या मांडीवरचे मूल आधी पदरात तोंड लपवते. थोड्या वेळाने एक डोळा बाहेर येतो, मग दुसरा, आणि शेवटी ते हसते. या राक्षसाला काहीच कळत नाही, आपल्याला मात्र कळते, हा दिलासा त्याला मिळालेला असतो. तान्ह्याला त्याचे नाचणे पुरते आणि थोरल्याला त्याचे गैरसमज. भीतीचे हसण्यात रूपांतर करायला संकासुर वेळ घेतो. तो मुलाच्या अंगावर धावून जात नाही, मुलालाच आपल्या दिशेने येऊ देतो. बालवाडीतल्या जादूगाराला जे जमत नाही ते नेमके हेच.

दुसरा धडा भाषेचा. दशावतारात देव ग्रांथिक मराठीत बोलतात आणि संकासुर गावच्या बोलीत. पेडण्याचे मूल घरी जे बोलते त्याच्या अगदी जवळची ती बोली. म्हणून हसू आधी घरच्या भाषेत फुटते आणि देवांची मराठी कानावर पडत राहते. दोन्ही भाषा एकाच रंगमंचावर नांदतात, एकीने दुसरीला हिणवलेले नसते. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, आपण कोकणी आणि मराठीवरून पुष्कळ भांडलो. त्या भांडणात न पडताही एक गोष्ट सांगता येते. तीन वर्षांच्या मुलाला ज्या भाषेत आई रागावते आणि लाड करते, त्याच भाषेत पहिला विनोद कळतो. आमचे बहुतेक जादूगार मात्र हिंदी चित्रपटातले संवाद आणि इंग्रजी मंत्र फेकतात, कारण मागे बसलेल्या पालकांना ते भारदस्त वाटते. मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. त्या भागातल्या वर्गांत आज कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतलीही मुले दिसतात. अशा मिश्र वर्गात तर शब्द कमी आणि अंगविक्षेप अधिक, हाच मार्ग. पण जे थोडे शब्द लागतील ते मुलांच्या ओळखीचे असावेत. मराठी घरांनी यात मराठीचे नुकसान मानू नये. हसत ऐकलेली भाषा मुलाला परकी राहत नाही. धाकाने ऐकलेली राहते.

आता सर्वांत गंभीर दोष. पुष्कळ प्रयोगांत एखाद्या मुलाला वर बोलावतात, कानातून अंडे काढतात, चड्डीत काय लपवले म्हणून विचारतात, त्याच्या बोबड्या उच्चाराची नक्कल करतात. मोठी माणसे खदखदून हसतात. मूल भांबावून आईला शोधत असते. हा विनोद मुलासाठी केलेला नाही, तो मुलाचा वापर करून मोठ्यांसाठी केलेला आहे. यात सारा दोष कलावंताच्या माथी मारणेही अन्यायाचे होईल. मानधन मोठे देतात, पुढचे आमंत्रण मोठ्यांच्या हसण्यावर मिळते; मग त्याने कोणाकडे तोंड करून खेळ करावा? परीक्षक म्हणून आपण मागच्या खुर्च्यांवर बसतो, सतरंजीवरच्या प्रेक्षकाचे मत घेत नाही. संकासुराच्या विनोदात फजिती होते ती संकासुराची. चार वर्षांच्या प्रेक्षकापुढे हाच एक विनोद सभ्य म्हणावा लागेल.

काही शिक्षणप्रेमी म्हणतील, मग जादू हवीच कशाला? हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. मॉन्टेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या; लहान मुलाला अद्भुतापेक्षा खऱ्या वस्तू द्याव्यात असे त्यांचे मत. पण त्यांच्याच पद्धतीने भावनगरला बालमंदिर चालवणाऱ्या गिजुभाई बधेकांनी गोष्टीला वर्गात मानाचे स्थान दिले, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी-कोसबाडच्या अंगणात बालशिक्षण नेले ते गाण्या-गोष्टींसह. अद्भुत टाकायचे कारण नाही. ते मुलाच्या हाताच्या टप्प्यात आणले की झाले. जादूगाराची फुंकर वाया जावी आणि मुलांच्या फुंकरीने फूल उमलावे. मग चमत्कार मुलांचा आणि फजिती जादूगाराची.

२०२२ सालच्या पायाभूत टप्प्याच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वयासाठी खेळ आणि घरची भाषा यांवर भर दिला आहे. कागदावरचा हा विचार बालवाडीच्या संमेलनात उतरवणे अवघड नाही. प्रयोग वीस-पंचवीस मिनिटांचाच असावा. दिवे चालू राहावेत, ध्वनिक्षेपक बंद असावा. आग, सुरी आणि जिवंत प्राणी नकोत. मूल आपण होऊन आले तरच त्याला पुढे घ्यावे. शिक्षिकांनी मुलांमध्ये बसावे, आणि कलावंताला मानधन पोटाला पुरेल असे द्यावे.

आणखी एक मागणे आपल्या दशावतारी मंडळींकडे. अलीकडे आख्यानाच्या घाईत पूर्वरंग आटोपता घेतला जातो, संकासुर आला-गेला कळत नाही. शिवाय तो येतो रात्री, जेव्हा बालवाडीतला प्रेक्षक पेंगुळलेला असतो. नाईक आणि संकासुर अशा दोघांनी एखाद्या सकाळी, मृदंग आणि झांजेसह, बालवाडीच्या ओसरीवर वीस मिनिटे उभे राहावे. पंचायतीने किंवा शाळेच्या पालक-शिक्षक संघाने खर्च उचलावा. कोणी हा प्रयोग करून पाहिला, तर तिथे सतरंजीवर बसून परीक्षण लिहायला मी आनंदाने येईन.