चेताऱ्हासाच्या संशोधनातील उंदीर : एका प्रतिमानाची चिकित्सा

चेतासंस्थेच्या ऱ्हासविकारांवरील औषधसंशोधन मोठ्या प्रमाणावर उंदरांवरील प्रयोगांवर आधारलेले आहे. प्रस्तुत लेखात अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस, म्हणजेच ए.एल.एस., या विकारासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदराची चिकित्सा केली आहे. या विकारात स्नायूंचे चलन करणाऱ्या चेतापेशी क्रमाने नष्ट होतात. गिळणे, बोलणे आणि अखेरीस श्वसनही अशक्य होते.

काही आनुवंशिक रुग्णांत 'सॉड-१' जनुक सदोष असल्याचे १९९३ मध्ये आढळले. १९९४ मध्ये गर्नी व सहकाऱ्यांनी तो सदोष मानवी जनुक उंदरात घालून विकार निर्माण केला. ही कामगिरी मोठीच होती. मात्र पुढे या उंदराकडून जे वदवून घेण्यात आले, ते तपासले पाहिजे.

२००२ मध्ये मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक दिलेले उंदीर अधिक काळ जगल्याचे प्रसिद्ध झाले. औषध लक्षणे दिसण्यापूर्वीच सुरू केले होते. माणूस डॉक्टरांकडे जातो तो हातपाय लुळे पडू लागल्यावर. ४१२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. औषध घेणाऱ्यांची प्रकृती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने ढासळली होती.

२००८ मध्ये शॉन स्कॉट व सहकाऱ्यांनी सत्तरहून अधिक औषधे याच उंदरावर काटेकोरपणे तपासल्याचे मांडले. एकाही औषधाने आयुष्य लक्षणीय वाढले नाही. त्यांच्या मते पूर्वीचे 'गुण' हे बव्हंशी मोजणीचे दोष होते. माद्या नरांपेक्षा काही दिवस अधिक जगतात, एका वेतातील पिल्ले परस्परांसारखी असतात, काही उंदरांत घातलेल्या जनुकाच्या प्रती घटतात, काही भलत्याच कारणाने मरतात. लहान गटात एवढ्यानेही औषध गुणकारी भासते. नमुनानिवडीचा हा पाठ आपण पदवीच्या वर्गात शिकवितो!

तथापि स्कॉट यांचे स्पष्टीकरणही पुरे पडत नाही. त्यांच्या तपासणीत रिलुझोलही निष्प्रभ ठरले; १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाचा रुग्णांना अल्प का होईना, उपयोग होतो. म्हणजे मोजणी सुधारूनही उंदीर व माणूस यांतील अंतर उरतेच. मुळात सॉड-१ चा दोष एकूण रुग्णांपैकी सुमारे २ टक्क्यांतच असतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टोफरसेन त्यांच्यासाठीच आहे, आणि तेही रक्तातील न्यूरोफिलामेंट घटल्याच्या आधारे. २८ आठवड्यांच्या चाचणीत रुग्णांच्या कार्यक्षमतेतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नव्हता. उरलेल्या रुग्णांच्या वतीने हा उंदीर कशाच्या आधारे साक्ष देतो, ते मात्र अद्याप स्पष्ट झालेले नाही.