मद्यार्क, संपीडन आणि टर्बो : इथेनॉल-मिश्रणाच्या आराखड्याचे एक परीक्षण

5 जून 2021 रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा 2020-25 या कालखंडाचा आराखडा पंतप्रधानांच्या हस्ते प्रकाशित झाला. त्याच दिवशी पुण्यात तीन ठिकाणी ई-100 इंधनाच्या विक्रीचा प्रायोगिक प्रकल्पही सुरू झाला. नीती आयोग व पेट्रोलियम मंत्रालय यांच्या नावे प्रसिद्ध झालेल्या या दस्तऐवजाची चर्चा ऊस, पाणी आणि आयात-खर्च या अंगांनी पुष्कळ झाली. इंजिनाच्या अंगाने मात्र ती गंज, रबरी नळ्या आणि मायलेज यांच्यापलीकडे फारशी गेली नाही. प्रस्तुत लेखात संपीडन गुणोत्तर व टर्बोचा दाब यांच्या समतोलाच्या दृष्टीने या आराखड्याचे परीक्षण करावयाचे आहे.

आराखड्यातील सर्वांत अधिक उद्धृत झालेला आकडा असा : शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व ई-10 साठी जुळवलेल्या चारचाकीत ई-20 वापरल्यास इंधन-कार्यक्षमता 6 ते 7 टक्क्यांनी घटते, अशाच दुचाकीत ही घट 3 ते 4 टक्के असते. आता साधा हिशेब मांडून पाहावा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32 मेगाज्यूल, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे 21 मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यामुळे 20 टक्के मिश्रणात ऊर्जा जवळजवळ 7 टक्क्यांनी कमी भरते. चारचाकीचा आकडा हाच आहे, हे लक्षणीय होय. याचा अर्थ असा, की हे इंजिन मद्यार्काची उणीव पूर्णपणे सोसते आणि त्याच्या गुणाचा उपयोग मात्र करीत नाही.

तो गुण कोणता? बीएस-6 पेट्रोलचा ऑक्टेन अंक 91, तर ई-20 चा 95 असल्याचे शासनानेच सांगितले आहे. इथेनॉलचा स्वतःचा अंक 108 च्या आसपास आहे. शिवाय बाष्पीभवन होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषून घेते, आणि तेवढ्याच हवेसाठी ते जास्त लागते (हवा व इंधन यांचे प्रमाण पेट्रोलसाठी सुमारे 14.7, इथेनॉलसाठी 9). परिणामी प्रति किलो हवेमागे मिळणारा थंडावा जवळजवळ चौपट होतो. इंधन थेट सिलिंडरात फवारले तर त्याचा लाभ सर्वाधिक. नॉकिंगची भीती ही दाब आणि तापमान यांची भीती असल्यामुळे येथे जी सवलत मिळते ती दोन प्रकारे खर्च करता येते : संपीडन गुणोत्तर वाढवून किंवा टर्बोचा दाब वाढवून. दोन्ही एकदम मनसोक्त वाढवता येत नाहीत, कारण दट्ट्या वर येतो तेव्हा दोहोंचा भार एकाच मिश्रणावर पडतो.

या दोन खर्चांचे स्वरूप भिन्न आहे. संपीडन गुणोत्तर इंजिन घडवतानाच ठरते. त्याचा लाभ चाकणच्या वाहतूक कोंडीत रांगणाऱ्या गाडीलाही मिळतो. ऑटो चक्राच्या सूत्रात उष्मा-गुणोत्तर 1.3 धरल्यास, संपीडन 10 वरून 12 वर नेले असता कार्यक्षमता सापेक्षतः सुमारे 5 टक्क्यांनी वाढते. 12 वरून 14 वर नेल्यास वाढ 4 टक्क्यांवर येते. घर्षण आणि उष्णता-हानी यांमुळे प्रत्यक्षात यातील काही भागच पदरी पडतो. तरीही 7 टक्क्यांच्या तुटीपुढे तो नगण्य नव्हे. टर्बोचा दाब याउलट क्षणाक्षणाला बदलता येतो, परंतु त्याचा उपयोग जोर हवा असेल तेव्हाच. त्याचा काटकसरीचा लाभ इंजिनाचा आकार लहान केला तरच दिसतो. आणि नॉकिंग मागे हटले की मर्यादा हेड-गॅस्केट, बेअरिंग व इंजेक्टरची क्षमता यांची येते.

टाकीत कोणते इंधन पडेल याची शाश्वती नसेल, तर संपीडन सर्वांत हलक्या इंधनाला सोसेल एवढेच ठेवावे लागते. 2005 मध्ये स्वीडनमध्ये आलेल्या साब 9-5 बायोपॉवर या गाडीने हा पेच टर्बोने सोडवला. तेच इंजिन, तेच संपीडन. पण पेट्रोलवर 150 आणि ई-85 वर 180 अश्वशक्ती, केवळ दाब व ठिणगीची वेळ बदलून. ब्राझीलमधील केवळ मद्यार्कावरच्या गाड्यांना मात्र उच्च संपीडन परवडत असे, कारण त्यांचे इंधन निश्चित होते. निश्चित इंधनाला संपीडन आणि अनिश्चित इंधनाला टर्बो, असा हा व्यवहार आहे.

आराखड्याची खरी उणीव येथे दिसते. इंजिनात फेरबदल व जुळणी केल्यास तूट कमी करता येते, हे त्यात मान्य केले आहे. वेळापत्रकात मात्र एप्रिल 2023 पासून ई-20 ला टिकणारे सुटे भाग आणि एप्रिल 2025 पासून 'ई-20 साठी जुळवलेली' इंजिने, एवढेच येते. 'जुळवलेली' या एका शब्दात संगणकातील नकाशा बदलणे आणि दट्ट्याचा माथा बदलून संपीडन वाढवणे ही दोन्ही कामे बसतात. पहिले स्वस्त, दुसरे खर्चिक. कारखानदार कोणते निवडेल हे सांगावयास नको. त्यातच जुन्या वाहनांसाठी ई-10 चालू ठेवण्याची शिफारस आणि लवचीक-इंधन वाहनांचा पुरस्कार शेजारी शेजारी नांदतात. रचनाकाराला निश्चित इंधनाचे आश्वासन त्यातून मिळत नाही. पुढे ई-10 व्यवहारात मागे पडले, ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, आणि इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली. इंधन अशा रीतीने जवळजवळ निश्चित झाले, पण त्यापूर्वी रस्त्यावर आलेल्या इंजिनांचे संपीडन जुनेच राहिले.

याचा भार कोणावर पडतो? चऱ्होलीहून चाकणच्या पाळीला दुचाकीवर जाणाऱ्या कामगाराच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या इंजिनाला टर्बो नाही आणि तो बसवणे परवडणारेही नाही. त्याच्यापुढे संपीडन हा एकच मार्ग उरतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात त्याची मर्यादा कोठे येते हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे, आणि त्यासाठी मोठ्या संशोधन-संस्थेचीच वाट पाहण्याचे कारण नाही. संपीडन बदलता येणारे एक-सिलिंडर चाचणी-इंजिन अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सर्रास आढळते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत इथेनॉलचे प्रमाण 5, 10, 20 असे बदलले जाते आणि संपीडन बहुधा जागचे हलत नाही. इंधन ई-20 स्थिर ठेवून संपीडन 9 पासून अर्ध्या-अर्ध्या अंकाने वाढवावे, प्रत्येक टप्प्यावर नॉकिंग कोणत्या भाराला सुरू होते आणि प्रति किलोवॅट-तास किती इंधन लागते हे नोंदवावे.