‘लाभक्षमता’ : एका संज्ञेचा अर्थसंकोच

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६५ च्या उच्चशिक्षण कायद्यान्वये गरजू महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस सरकारी अनुदान व कर्ज मिळते. त्यासाठी शालान्त प्रमाणपत्र, १९४२ साली सैनिकांकरिता निघालेल्या जी.ई.डी.सारखी समकक्ष परीक्षा, अथवा राज्याच्या नियमांनुसार घरी पूर्ण केलेले शालेय शिक्षण आवश्यक आहे. यांपैकी काहीच जवळ नसलेल्यांसाठी जी पळवाट नव्हे, तर खरी वाट ठेवली गेली, तिचे नाव ‘अॅबिलिटी टु बेनिफिट’. मराठीत तिला ‘लाभक्षमता’ म्हणता येईल.

ही संज्ञा विचारांती मोठी उदार वाटते. क्षमता हा व्यक्तीचा गुण आहे. प्रमाणपत्र ही केवळ त्याची खूण. खूण नसली तरी गुण असू शकतो, हे कायद्याने येथे मान्य केले. तथापि ‘लाभ’ हा शब्द द्व्यर्थी आहे. ज्ञानाचा लाभ तो लाभच, आणि सरकारी मराठीतील ‘लाभार्थी’स मिळतो तोही लाभच. मूळ इंग्रजी शब्दातही हीच संदिग्धता आहे आणि संज्ञेचा पुढील इतिहास तिच्यातच दडलेला आहे.

क्षमता सिद्ध करण्याचे मुख्य मार्ग दोन : मान्यताप्राप्त परीक्षेत तटस्थ परीक्षकांसमोर उत्तीर्ण होणे, किंवा पदवीस उपयोगी असे सहा श्रेयांक संपादणे. दुसऱ्या मार्गातील विसंगती उघड आहे. ते श्रेयांक मिळेपर्यंत हे साहाय्य नाही. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने पैशास पात्र ठरण्यासाठी आधी शुल्काची सोय अन्यत्र करावी.

१ जुलै २०१२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांस ही तरतूद बंद झाली. आदल्या दिवशीपर्यंत मान्य असलेली क्षमता दुसऱ्या दिवशी माणसांतून नाहीशी झाली असे कोणी म्हणणार नाही. नाहीसा झाला तो खर्चाचा बाब. डिसेंबर २०१४ मध्ये तरतूद परतली, परंतु प्रौढशिक्षणास व्यवसायशिक्षणाची जोड देणाऱ्या ठरावीक अभ्यासक्रमांपुरतीच. परिणामी तोच विद्यार्थी अशा अभ्यासक्रमात रुग्णसेवा शिकताना ‘लाभक्षम’ ठरतो आणि केवळ इतिहासाच्या पदवीसाठी नाव घालताच अक्षम होतो. गुण व्यक्तीकडून अभ्यासक्रमाकडे सरकला. संज्ञा मात्र तीच राहिली.

या निर्बंधांस कारण नव्हते असे नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या काही संस्थांनी अशा विद्यार्थ्यांची भरती करून सरकारी पैसा घेतला आणि कर्ज मात्र विद्यार्थ्यांच्या माथी राहिले, हा अनुभव १९८० नंतरच्या दशकातला आहे. परंतु तो दोष संस्थांच्या सचोटीचा होता, विद्यार्थ्यांच्या क्षमतेचा नव्हे. त्यावर उपाय संस्थांच्या तपासणीत शोधावयास हवा. सांप्रतच्या नियमास ‘अभ्यासक्रमपात्रता’ हे नाव अधिक प्रामाणिक ठरेल. ‘लाभक्षमता’ हा शब्द ठेवावयाचा असेल, तर काय शिकावे याची निवडही त्या क्षम व्यक्तीकडेच राहिली पाहिजे.