स्थानिक पदवीधरांची नोकरभरती : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातील शेजारी तालुके होत. पहिल्यात रांजणगावची, दुसऱ्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे आणि पदवी देणारी महाविद्यालयेही दोन्हीकडे आहेत. तरीही स्थानिक पदवीधरांच्या भरतीचा विचार ‘किती’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. ‘कोणत्या पद्धतीने’ हा प्रश्न धोरणकर्त्यांना पडलेला दिसत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या 2008 च्या निर्णयाने पर्यवेक्षकीय श्रेणीत किमान 50 व एकूण किमान 80 टक्के स्थानिकांची अपेक्षा ठेवली. मात्र येथे स्थानिक म्हणजे राज्यात 15 वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. कुरकुंभच्या कारखान्याने नागपूरहून उमेदवार आणले तरी टक्केवारी पूर्ण होते. शेजारच्या गावातील पदवीधर हिशेबात येतोच असे नाही. रिक्त जागा कळविण्याची सक्ती करणारा 1959 चा कायदा तर निरुपद्रवीच म्हणावा लागेल. सेवायोजन कार्यालयाकडूनच निवड करण्याचे बंधन त्यात नव्हते आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते नाही.

निवडीचे खरे दार मुलाखत हेच होय. कुरकुंभ ही प्रामुख्याने रसायनउद्योगाची वसाहत. गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेत लागणारे अनुमापन रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकांत वारंवार केलेले असते. त्याच्या हाती ब्युरेट न देता इंग्रजीतून ‘स्वतःविषयी सांगा’ असे विचारल्यास मोजले जाते ते केवळ संभाषणाचे धैर्य. (ज्या पदास इंग्रजी लागते तेथे तिचीही परीक्षा जरूर घ्यावी.) रांजणगावच्या एखाद्या भांडारातील आवक-नोंदवही वाणिज्य पदवीधरासमोर ठेवून त्यातील चूक शोधण्यास सांगावे; अर्धा तास पुरेल.

या सूचनेस संशोधनाचा आधार आहे, परंतु तो फुगवून मांडू नये. श्मिट व हंटर यांच्या 1998 च्या संकलित अभ्यासात प्रत्यक्ष कामाची चाचणी अग्रस्थानी होती. सॅकेट व सहकाऱ्यांनी 2022 मध्ये ते आकडे खाली आणले आणि ठरावीक प्रश्नांची, ठरावीक निकषांची मुलाखत सर्वांत वर ठेवली. मोकळ्या गप्पांची मुलाखत दोन्हीकडे तिच्या मागेच राहिली.

1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची कक्षा 2014 च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांपर्यंत वाढली. प्रशिक्षणानंतर सेवेत घ्यावे की नाही, हे मात्र मालकाच्या धोरणावर सोडले आहे. ते धोरण प्रशिक्षणार्थ्यास पहिल्याच दिवशी ठाऊक असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलने विद्यार्थ्यांची यादी हाती देण्यापूर्वी पद, वेतन, नेमणूक कायम की कंत्राटी आणि निवडीचे निकष लेखी मागावेत.