खेळात राजकारण येतं म्हणजे नेमकं काय येतं?

‘खेळात राजकारण आणू नका’ हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो, की त्याचा अर्थ काय असं विचारायचंच राहून जातं. आज आम्ही हा प्रश्न रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या ग्रंथाच्या आधारे तपासणार आहोत. भारतीय क्रिकेटचा हा सामाजिक इतिहास वंश, जात, धर्म आणि राष्ट्र अशा चार भागांत मांडलेला आहे.

ग्रंथाचा सर्वात मोलाचा भाग पालवणकर बाळूंचा. चर्मकार समाजातले हे डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता घडले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात सगळ्या सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद काही रीतसर त्यांच्याकडे आलं नाही. १९२० साली त्यांच्या भावांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला. १९२३ साली धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. विठ्ठल यांच्या मराठी आत्मचरित्राचा गुहांनी चांगला उपयोग केला आहे, हेही सांगायला हवं.

आता बघा, यात राजकारण कुणी आणलं? भावांनी खेळायला नकार दिला तेव्हा, की चहाचं भांडं वेगळं ठेवलं तेव्हा? जी व्यवस्था आपल्या सोयीची असते ती आपल्याला ‘राजकारण’ वाटत नाही, तिच्यावर आक्षेप घेतला की मात्र लगेच वाटतं. त्या वाक्यातली खरी गोम ही आहे.

दुसरं उदाहरण मुंबईच्या पंचरंगी सामन्यांचं. १९१२ पासून हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन असे चार संघ होते. १९३७ साली ‘द रेस्ट’ हा पाचवा आला. विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते या ‘उरलेल्यां’कडून खेळत. १९४३च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. डिसेंबर १९४०मध्ये गांधीजींनी धर्मवार संघांना विरोध दर्शवला, तेव्हा खेळात राजकारण नको असं उत्तर पुष्कळांनी दिलं. पण संघाचं नावच धर्मावरून असेल, तर तो विरोध राजकारण आणतो की आधीपासून असलेलं दाखवून देतो? विरोध होऊनही प्रेक्षक गर्दी करतच राहिले. ही स्पर्धा १९४६ साली थांबली.

गुहांच्या मांडणीबद्दल आमची तक्रार दोन बाबतींत आहे. एक, चार भागांची विभागणी वाचायला सोयीची आहे, पण त्यामुळे एक गेलं आणि दुसरं आलं असा भास होतो. बाळू गोऱ्यांच्या संघाविरुद्ध ‘हिंदू’ म्हणून मैदानात उतरत, तेव्हा वंश, जात आणि धर्म एकाच षटकात हजर असत. याच बाळूंनी १९३७ साली काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढवली आणि ते हरले. हे चरित्र कोणत्या एका कप्प्यात ठेवायचं?

दुसरी तक्रार तत्त्वज्ञानाची. सत्तेनं खेळाडूंना प्रचारासाठी वापरणं वेगळं आणि अन्याय झालेल्या खेळाडूनं दाद मागणं वेगळं. दोन्हींना ‘राजकारण’ हा एकच शब्द लावला, तर दोन्हींचा एकाच मापानं निषेध होतो. गुहा प्रसंग उत्तम सांगतात, पण हा भेद कसा करायचा, ते सांगत नाहीत. इतिहासकाराचं ते काम नव्हे असं कुणी म्हणेल. असेलही. मग ते आपल्यावर येतं.

म्हणून यापुढे हे वाक्य कानावर आलं, की दोन गोष्टी विचाराव्यात : बोलणारा मैदानात कुठे उभा आहे आणि गप्प बसायला तो कुणाला सांगतो आहे? ग्रंथ मात्र जरूर वाचा. आज इथेच थांबू.